घाटाच्या वर नोकरी, घाटाच्या खाली घर

नोकरी आणि घर यांचा मेळ घालण्याचा प्रश्न बहुतेक ठिकाणी घड्याळ समोर ठेवून मांडला जातो. कामाचे तास किती, सुटीचा वार कोणता, संध्याकाळी किती वाजता मोकळे होता येते, एवढे ठरले की उरलेला वेळ घराचा, असे त्यात गृहीत धरलेले असते. नंदुरबार जिल्ह्यात हे गणित रस्त्यापासून सुरू करावे लागते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. नंदुरबार, शहादा, तळोदा ही सपाटीवरची बाजारपेठेची गावे. अक्राणी तालुका आणि अक्कलकुव्याचा मोठा भाग सातपुड्याच्या डोंगरात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि त्यात आदिवासी समाजाचा वाटा सुमारे ६९ टक्के होता. डोंगरातल्या पाड्यांवर शाळा आहे, अंगणवाडी आहे, आरोग्य उपकेंद्र आहे. म्हणजेच तिथे पदे आहेत. त्या पदांवरच्या अनेक माणसांची घरे मात्र खाली आहेत, कारण भाड्याची पक्की खोली, नळाचे पाणी, मुलांची पुढची शाळा आणि म्हाताऱ्या आईवडिलांचा दवाखाना खाली आहे. मधे घाट आहे. तळोद्याहून अक्राणीतल्या धडगावला जायचे तर चांदसैली, अक्कलकुव्याहून डोंगरातल्या मोलगीला जायचे तर देवगोई.

कामाला मर्यादा असावी ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. राज्याच्या सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शाळा आणि रुग्णालये त्यातून वगळली गेली. या सगळ्या मर्यादा कामाच्या जागी गेलेला वेळ मोजतात. त्या जागेपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ त्यांच्या हिशेबात नाही.

जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका यांनी नेमणुकीच्या गावी राहावे अशी शासनाची अपेक्षा असते. याला ‘मुख्यालयी राहणे’ म्हणतात आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठरावही मागितला जातो. रोज खालून जाऊन येण्याला सगळे ‘अपडाऊन’ म्हणतात. गावोगावी या दोन शब्दांवरून वाद होतात. त्या वादात एका बाजूला गावाचा हक्क असतो आणि दुसऱ्या बाजूला कर्मचाऱ्याचे घर. दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळे त्या एकमेकींसमोर ठेवून पाहणे बरे. पुढील संवादातले दोघे प्रातिनिधिक आहेत: अक्राणीत नोकरी करून निवृत्त झालेले एक गुरुजी आणि शहाद्याहून वरच्या शाळेत जाणारी एक तरुण शिक्षिका.

गुरुजी : ताई, मी वर नोकरीला गेलो तेव्हा शाळेच्याच खोलीत राहायचो. संध्याकाळी पोरं कंदिलाजवळ येऊन बसायची. पहिलीतलं पोर घरी पावरी बोलतं, शाळेत येऊन मराठी ऐकतं आणि गप्प होतं. मी त्याची भाषा ओट्यावर बसून शिकलो. कोणाचा बाप मजुरीला गेला, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे मला हजेरी घेण्याआधीच माहीत असायचं. पाच वाजले की गाडीकडे बघणाऱ्या मास्तराला हे कसं कळणार?

शिक्षिका : गुरुजी, भाषेचं तुम्ही म्हणता ते मला पटतं. मी तिसऱ्या वर्षीही अडखळते. पण माझा दिवस बघा. पाचला उठते, दोन डबे करते, मुलीला सासूबाईंकडे देते. आठच्या आत गाडी धरावी लागते. आम्ही सहा जण मिळून एक क्रूझर लावली आहे. जायला दोन तास, यायला दोन तास. सातनंतर घरात पाऊल पडतं, आणि मग फोनवर माहिती भरायची असते. आज पोषण आहाराची, उद्या आधारची, परवा कोणत्या तरी सर्वेक्षणाची.

गुरुजी : म्हणून तर वर राहा म्हणतो. चार तास वाचतील.

शिक्षिका : माझे चार तास वाचतील, पण मुलीला आई आठवड्यातून एक दिवस दिसेल. तिला सोबत न्यायचं तर शाळा सुरू असताना तिला कोण बघणार? गावात खोली मिळाली तरी संडास नाही, उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून आणावं लागतं. रात्री तिला ताप भरला तर धडगाव गाठायला गाडी कुठून आणू?

शिक्षिकेचा हिशेब सविस्तर मांडण्यासारखा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे असे ठरवले आहे. पाठाची तयारी त्यात धरलेली आहे. रोजचे चार तास प्रवासाचे म्हणजे सहा दिवसांचे २४ तास. दोन्ही मिळून ६९ होतात. २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटल्यावर देशभर वाद झाला. त्या वादात सातपुड्याच्या शिक्षिकेचे नाव कोणी घेतले नाही, पण तिचा आठवडा त्या आकड्याला टेकलेला आहे आणि त्यातला एक तृतीयांशाहून अधिक वेळ शिकवण्यात जातच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आढळला. त्या अभ्यासाने प्रवासाचे तास मोजले नव्हते, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी घाटातल्या वळणांवर रोज चार तास बसलेले शरीर विश्रांती घेत असते असे कोणी म्हणणार नाही.

या ६९ तासांत घरकाम धरलेले नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरातल्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. पुरुषांची सरासरी ८८ मिनिटांची आहे. नोकरी आणि घर यांच्या समतोलावर दिले जाणारे बहुतेक सल्ले (छंद जोपासा, व्यायाम करा, स्वतःसाठी वेळ ठेवा) या २८९ मिनिटांना हात लावत नाहीत. ज्या बाईकडे द्यायला वेळच उरलेला नाही, तिला वेळेचे नियोजन शिकवणे अन्यायाचे आहे.

गुरुजी : आमच्याही घरी लहान मुलं होतीच की. दोन मुलं, वर म्हातारी आई. मी शनिवारी सकाळची शाळा झाली की खाली उतरायचो, रविवारी संध्याकाळी परत वर. कधी तक्रार केली नाही.

शिक्षिका : गुरुजी, राग मानू नका, एक विचारते. आठवड्याचे उरलेले दिवस मुलांना कोण बघायचं?

गुरुजी : त्यांची आई.

शिक्षिका : आणि तुमच्या आईचं आजारपण?

गुरुजी : तेही तिनंच केलं.

शिक्षिका : मग तुम्ही वर राहू शकलात ते काकूंमुळे. शाळेच्या अहवालात त्यांचं नाव कुठं आलं असेल? आज माझ्या जागी काकू नोकरीला आहेत असं समजा. त्यांच्या घरी दुसऱ्या काकू कुठून आणायच्या?

गुरुजी : हे मी कधी असं पाहिलं नव्हतं. धाकटा मुलगा सातवीत होता तेव्हा मला ‘अहो’ म्हणायचा, पाहुण्याला म्हणावं तसं. आम्ही हसण्यावारी नेलं.

जुन्या पिढीच्या निष्ठेबद्दल आदर ठेवूनच हे सांगितले पाहिजे की ती निष्ठा दोन माणसांच्या श्रमावर उभी होती आणि पगार एकाला होता. मुख्यालयी राहण्याचा आग्रह ज्या काळातून आला, त्या काळात कर्मचारी म्हणजे पुरुष आणि त्याच्या मागे घर सांभाळणारी बायको, असेच चित्र होते. आज आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि मोठ्या संख्येने शिक्षिका हे काम करत आहेत. चित्र बदलले, नियमाची भाषा तीच राहिली.

गावाची बाजू यामुळे हलकी होत नाही. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की खालून येणारी गाडी अडते आणि वरची शाळा उघडत नाही. पालक स्वतः शिकलेले नसतात, त्यामुळे शाळेत बुडालेला दिवस घरी भरून निघत नाही. २०११ मध्ये जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्याची ८२ टक्क्यांवर. दवाखान्यात तर प्रश्न जिवाचा असतो; बाळंतपणाची कळ कार्यालयीन वेळ बघून येत नाही. कर्मचाऱ्याच्या घराचा तोल सांभाळताना पाड्यावरच्या घराचा तोल जाणार असेल, तर ओझे फक्त खांदा बदलते, आणि ते नेहमी कमजोर खांद्यावर जाते. गुरुजींचा मूळ मुद्दा हाच आहे आणि त्याला उत्तर द्यावेच लागते.

मुख्यालयी राहिल्याने प्रश्न सुटतो का, हे त्या जागी आधीच राहणाऱ्यांकडून समजून घ्यावे. आश्रमशाळेतले अधीक्षक आणि अधीक्षिका शाळेच्या आवारातच राहतात. त्यांचा प्रवास शून्य आहे. पण सकाळी मुलांना उठवण्यापासून रात्रीच्या हजेरीपर्यंत आणि रात्री पोटात दुखणाऱ्या मुलीला दवाखान्यात नेण्यापर्यंत काम सुरूच असते. स्वतःचे घर त्याच आवारात असल्याने घरी जाणे हा प्रकारच उरत नाही. आशा तर त्याच गावची सून किंवा लेक असते. तिला स्वयंसेविका म्हणतात, मोबदल्याचा काही भाग कामावर आधारित असतो आणि हाक मात्र कोणत्याही वेळी येते. नर्मदाकाठच्या पाड्यांवर काही ठिकाणी सेविकांना होडीने जावे लागते. करोनाच्या काळात स्वतः होडी वल्हवत बाळांचे वजन घ्यायला जाणाऱ्या तिथल्या एका अंगणवाडी सेविकेची देशभर वाहवा झाली. वाहवा योग्यच होती. तिच्यासारख्यांच्या मानधनाची आणि रजेची चर्चा मात्र तेवढ्या मोठ्या आवाजात झाली नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये दिला. त्याआधी त्यांच्या कामाला काम म्हणण्यासाठीच अनेक वर्षे गेली.

शिक्षिका : वर राहिलं की रात्री दहालाही दार वाजतं, गुरुजी. कोणाला दाखल्याचा अर्ज लिहून हवा असतो, कोणाला बँकेचा कागद वाचून हवा असतो. नाही म्हणवत नाही. आणि नाही म्हटलं नाही तर मी माझी कधी?

गुरुजी : गावाला दुसरं कोण आहे वाचून दाखवायला? पण थांबा, तुमचं चुकीचं म्हणत नाही मी. मीही दार लावून घेत असे कधी कधी. मग अपराधी वाटायचं.

शिक्षिका : तेच सांगते. वर राहिलं तर दार लावल्याचं वाईट वाटतं, खाली राहिलं तर गाव सोडल्याचं.

गुरुजी : वरच्या लोकांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, ताई. होळी. माणूस गुजरातेत असो की ऊसतोडीला, होळीला तो घरी येतोच. मुकादमाची उचल डोक्यावर असली तरी येतो. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरला की मजुरीचा विषय बंद. आपण नोकरदार मात्र सणालाही फोन उचलतो.

गुरुजींनी होळीचा विषय काढला तो योग्य ठिकाणी. जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाजवळची कोपी हेच घर. तिथे मुले बांधावर असतात, स्वयंपाक पहाटे अंधारात होतो, गाडी भरायची वेळ कारखाना ठरवतो. काम आणि घर यांत भिंतच नसलेल्या या माणसांनी वर्षातले काही दिवस मात्र कोणालाही विकलेले नाहीत. काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते, तेव्हा दूरदूरच्या पाड्यांवरची माणसे तिथे असतात. डोंगरातल्या भिल्ल आणि पावरा गावांत ‘लाह’ नावाची रीतही आहे. एकाच्या शेतात सगळ्यांनी मिळून राबायचे, मग दुसऱ्याच्या. एका घरावर ओझे साचू न देण्याची ही व्यवस्था आहे. विश्रांती आणि मदत या दोन्ही गोष्टी गावाने मिळून ठरवायच्या, एकेकट्याच्या जिद्दीवर सोडायच्या नाहीत, ही समज या भागाला पूर्वीपासून आहे.

कामाच्या हक्काचा लढा घरापर्यंत कसा जातो, याचाही दाखला याच मातीत सापडतो. १९७२ मध्ये शहादा-तळोदा परिसरात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांचे नाव या चळवळीशी जोडलेले आहे. जमीन आणि मजुरी हे तिचे प्रश्न होते. पण त्याच चळवळीत आदिवासी बायका पुढे आल्या तेव्हा त्यांनी दारूचे मडके फोडले, कारण मजुरी वाढली तरी ती दारूत जात होती आणि घरात मार मिळत होता. मजुरीचा प्रश्न आणि घरातला प्रश्न वेगळे नाहीत, हे त्यांनी कोणत्याही पुस्तकाआधी ओळखले होते.

मग वरच्या शाळेतल्या शिक्षिकेसाठी काय करता येते? काही तरतुदी कागदावर आहेत. आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता देण्याचे धोरण २००२ पासून आहे. पैशाने मात्र घाट लहान होत नाही. २०१७ पासूनच्या जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदली धोरणात अवघड क्षेत्र वेगळे धरले गेले आणि नवरा-बायकोच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरहून अधिक अंतर असेल तर पती-पत्नी एकत्रीकरणाची सोय ठेवली गेली. ही तरतूद सर्वांत मोलाची आहे, कारण ती अंतरावर बोट ठेवते. २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. पुरुषाला ती पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तरच मिळते. मूल सांभाळणे हे बाईचेच काम, असा अर्थ त्यातून निघतो आणि तो बदलायला हवा. शिवाय एकशिक्षकी किंवा दोन शिक्षकांच्या शाळेत रजा मंजूर झाली तरी बदली माणूस मिळत नाही, तेव्हा रजेवरची बाई मनाने शाळेतच असते.

शिक्षिका : गुरुजी, मला वर राहायला आवडणार नाही असं नाही. शाळेजवळ दोन खोल्या, संडास, पाणी, रात्री दिवा द्या. अंगणवाडीत मुलीला दिवसभर ठेवता आलं पाहिजे. आणि माझ्या नवऱ्याची शाळा जवळ द्या. तोही डबा करेल, पाणी भरेल. मग ओट्यावर बसून मीही पावरी शिकेन.

गुरुजी : हे मागणं जास्त नाही. आम्ही मागितलं नाही, हीच आमची चूक. आणि फोनचं?

शिक्षिका : शाळा सुटल्यावर माहिती मागवायची नाही. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी मिळून तसं लिहून दिलं पाहिजे, एकट्या मी दिलं तर कामचुकार ठरेन.

गुरुजी : लिहा. पहिली सही माझी.

शिक्षिकेने मागितलेल्या गोष्टी मोठ्या नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. रात्री भरल्या जाणाऱ्या माहितीला निदान कामाच्या वेळेची चौकट घालणे कोणत्याही कार्यालयाला जमण्यासारखे आहे. राहण्याच्या सक्तीचा क्रम मात्र उलटा लावलेला आहे. आधी ठराव मागितला जातो आणि खोली नंतर, किंवा कधीच नाही. जिथे राहण्याजोगे निवासस्थान नाही तिथे मुख्यालयाची सक्ती अन्यायाची आहे. जिथे ते दिले आहे तिथे गावाने कर्मचारी गावात असावा असा आग्रह धरणे पूर्ण न्याय्य आहे. सेविका आणि आशा यांच्यासाठी वेगळी मागणी करावी लागेल, कारण त्या गावातच आहेत. त्यांना निश्चित वेतन हवे आणि ठरलेला सुटीचा दिवस हवा. त्या दिवशी हाकेला जाणारी दुसरी बाईही नेमलेली हवी.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि त्याच सुमारास पाऊस घाट धरतो. खोलीवर पत्रे टाकायचे असतील, नळजोडणी करायची असेल, तर ती कामे होळीनंतरच्या कोरड्या तीन महिन्यांतच होतात, आणि होळीला घरी आलेली माणसेही सुरुवातीला गावीच असतात. अक्राणी आणि अक्कलकुव्यातल्या ग्रामपंचायतींनी येत्या होळीनंतरच्या ग्रामसभेत, कर्मचारी मुख्यालयी राहतो की नाही हा ठराव घेण्याआधी, शाळेजवळच्या खोलीचा ठराव घ्यावा.